विश्लेषण : सी. के. नायडूंना कोणी हेरले, नायडूंनी कोणाला? गुणी मुलांच्या शोधाची शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट

कॅनडातल्या एखाद्या गावात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बर्फावर हॉकी खेळत असतो आणि प्रेक्षकांत वही घेऊन बसलेला एक माणूस त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद करत असतो. आपल्याकडे तोच माणूस आता लॅपटॉप घेऊन २३ वर्षांखालील क्रिकेट सामन्यांना हजर असतो. ज्या स्पर्धेत तो मुले हेरतो, तिचे नाव कर्नल सी. के. नायडू करंडक. हे नायडू मूळचे नागपूरचे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत येते, पण त्यांना स्वतःला कोणी आणि किती उशिरा ओळखले, हे फारसे सांगितले जात नाही. भंडारा जिल्ह्यातल्या चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मैदानावर चेंडू टाकणाऱ्या मुलासाठी ती गोष्ट आजही जुनी झालेली नाही.

ड्राफ्ट म्हणजे नेमके काय?

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) दरवर्षी उन्हाळ्यात नव्या खेळाडूंची निवड होते. त्यालाच ड्राफ्ट म्हणतात. १८ वर्षांच्या आसपासचे सर्वोत्तम खेळाडू यादीत असतात आणि संघ क्रमाने एकेक खेळाडू उचलतात. मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांना आधी संधी मिळते. अगदी पहिल्या क्रमांकांसाठी सोडतही काढली जाते. उद्देश सरळ आहे. श्रीमंत संघाने सगळी गुणी मुले गोळा करू नयेत. त्यामुळे ड्राफ्टच्या आधीचे वर्ष-दोन वर्षे कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंडमधल्या मुलांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली जाते. लीगचा स्वतःचा विभाग त्यांची क्रमवारी लावतो आणि चाहते त्यावर वाद घालतात. हा ड्राफ्ट पहिल्यांदा झाला १९६३ मध्ये, माँट्रियलला.

अशा मुलांना तिकडे प्रॉस्पेक्ट म्हणतात. चिखल्याच्या माणसाला हा शब्द अनोळखी वाटू नये. मॉयल ही कंपनी ज्या जुन्या ब्रिटिश कंपनीतून पुढे आली, ती १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने सुरू झाली होती. जमिनीत मँगनीज कुठे दडले आहे ते शोधणे म्हणजे प्रॉस्पेक्टिंग. त्या कंपनीच्या आदल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी, नागपुरात कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म झाला. त्या काळी या मुलखात खनिज शोधायला माणसे होती, खेळाडू शोधायला कोणी नव्हते.

भारतात असा ड्राफ्ट कधी झाला का?

एकदा झाला. आयपीएल सुरू होताना, २००८ मध्ये, १९ वर्षांखालील खेळाडूंचा लिलाव न करता त्यांना ड्राफ्टने संघांत वाटण्यात आले. मलेशियात नुकताच १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघातली मुले त्यात होती. दिल्लीने घरच्या विराट कोहलीऐवजी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानला निवडले आणि कोहली बंगळूरुकडे गेला. हेरणाऱ्यांची नजर कशी चुकते, याचे उदाहरण म्हणून हा निर्णय आजही दिला जातो. खरे तर तेव्हा दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते आणि गोलंदाज हवा होता. निर्णय त्या दिवसापुरता अगदीच वेडगळ नव्हता.

पुढे सगळे लिलावावर आले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात बिहारच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सने १ कोटी १० लाख रुपयांना घेतले, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्याआधी या संघाने त्याची चाचणी घेतली होती ती नागपुरात. म्हणजे आज बिहारचा मुलगा परीक्षेसाठी नागपूरला येतो. शंभर वर्षांपूर्वी नागपूरच्या मुलाला परीक्षेसाठी मुंबई गाठावी लागत होती.

नायडू मुंबईला कसे पोहोचले?

नायडूंचे घराणे तेलुगू. आजोबा वकिलीत नाव कमावलेले, काँग्रेसच्या सुरुवातीच्या काळात तिच्याशी जोडलेले. वडीलही वकील. घरात पैसा होता, शिक्षण होते, आणि ही गोष्ट आडवळणाने सांगण्याचे कारण नाही. त्या काळात क्रिकेटचा पांढरा पोशाख आणि बॅट परवडणे हीच पहिली चाळणी होती. सेंट फ्रान्सिस डी'सेल्स आणि हिस्लॉप या नागपूरच्या शाळांत ते शिकले. वयाच्या सातव्या वर्षीच ते शाळेच्या संघात आले, असे सांगितले जाते. नागपूरच्या मोदी क्लबकडूनही ते खेळले.

पण नागपुरात कितीही धावा केल्या तरी त्या मुंबईत ऐकू येत नव्हत्या. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला, म्हणजे तोवर प्रांताचा संघ, प्रांताची निवड समिती असे काही नव्हतेच. मोठा मंच एकच, मुंबईची चौरंगी स्पर्धा. तिथले संघ धर्मावर उभे होते : युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. हिंदूंचा संघ मुंबईचा हिंदू जिमखाना ठरवत असे. एखाद्या गुणी मुलाला वर जायचे तर आधी धर्माचा रकाना, मग जिमखान्याची ओळख, आणि मग खेळ, असा हा क्रम होता.

१९१६ मध्ये नायडू हिंदूंकडून युरोपियनांविरुद्ध उतरले. वय वीस. संघाच्या ७९ धावांत सात गडी बाद झाले होते तेव्हा त्यांना फलंदाजी मिळाली. म्हणजे ज्याला पुढे देशातला सर्वांत धडाकेबाज फलंदाज म्हटले गेले, तो नवव्या क्रमांकावर होता. पहिले तीन चेंडू त्यांनी अडवले आणि चौथा सीमेपार भिरकावला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली त्यांची पहिली धावच षटकाराने आली.

आजच्या काळात एवढ्या एका फटक्याची चित्रफीत संध्याकाळपर्यंत प्रत्येक संघाच्या कार्यालयात पोहोचली असती. नायडूंना पुढची दहा वर्षे चौरंगी स्पर्धेत आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी सामन्यांत स्वतःला पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागले.

मग त्यांना 'विकत' कोणी घेतले?

१९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टन केले. पुढे ते कर्नल झाले. 'कर्नल सी. के.' मधला कर्नल तो हाच.

लष्करी हुद्दा हा त्या काळचा खेळाडूचा करार होता, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही. पगार दरबाराचा, घर दरबाराचे, काम खेळण्याचे. पतियाळा, इंदूर, बडोदा, नवानगर ही संस्थाने आजच्या फ्रँचायझींसारखीच एकमेकांशी स्पर्धा करत गुणी खेळाडू आपल्याकडे ओढत. फरक एवढाच की लिलाव नव्हता, ड्राफ्ट नव्हता, कोणाची पाळी आधी हा प्रश्नच नव्हता. ज्याच्या तिजोरीत पैसा आणि मनात हौस, त्याने न्यावे.

याची किंमत नागपूरने मोजली. नायडू गेले. पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरारच्या संघातून सुरुवात केलेले चंदू सरवटे आणि नागपुरातच जन्मलेले हिरालाल गायकवाड हेही होळकर संघाचे झाले. दोघेही कसोटी खेळले. प्रांताकडे गुणी मुले होती, त्यांना ठेवून घेणारी व्यवस्था नव्हती. तळाच्या संघाला आधी निवडू देणारा ड्राफ्टचा नियम नेमका या दुखण्यावरच आहे. विदर्भाला रणजी करंडक पहिल्यांदा जिंकायला २०१७-१८ उजाडले, त्याची अनेक कारणे आहेत. हे त्यातले एक जुने कारण मानायला हरकत नाही.

१ डिसेंबर १९२६ ला काय घडले?

आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून एमसीसीचा संघ भारतात आला होता. मुंबई जिमखान्यावर हिंदूंशी सामना होता. पाहुण्यांच्या गाय अर्ल यांनी आठ षटकारांसह शतक ठोकून मैदान दणाणून सोडले होते. उत्तरात नायडू आले आणि त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या. १४ चौकार, ११ षटकार. प्रथम श्रेणीच्या एका डावात तेव्हा एवढे षटकार कोणाच्याच नावावर नव्हते. मैदानाभोवतीची झाडे, तंबू, छपरे माणसांनी भरली होती असे त्या दिवसाचे वर्णन केले जाते. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

खरा परिणाम त्यानंतर झाला. भारतीयांना कसोटीचा दर्जा मिळायला हवा, असे गिलिगन यांचे मत या दौऱ्यात पक्के झाले. दिल्लीत पतियाळाचे महाराज, ग्रँट गोवन आणि अँथनी डिमेलो यांच्याशी त्यांची बोलणी झाली. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी. एका डावामुळे देशाला कसोटी मिळाली, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण इंग्लंडच्या माणसाने भारतीय खेळाडूला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले, हे त्या डावामुळे झाले. तोवर नायडू ३१ वर्षांचे झाले होते.

कर्णधारपद ठरवून मिळाले का?

नाही. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवड चाचण्या झाल्या त्या पतियाळाच्या आश्रयाने. महात्मा गांधींना झालेल्या अटकेच्या निषेधार्थ हिंदू जिमखान्याने आपले खेळाडू मागे घेतले. त्यामुळे विशीतला विजय मर्चंट आणि बहरात असलेले एल. पी. जय हे त्या दौऱ्याला मुकले. दौऱ्याचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र घनश्यामसिंहजी. कर्णधार राजघराण्यातलाच हवा, हा तेव्हाचा अलिखित नियम.

पोरबंदरच्या महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा ठाऊक होती. त्यांनी स्वतःहून कसोटीतून माघार घेतली. त्या काळच्या राजेलोकांत हा मोठेपणा दुर्मीळच. लिंबडी जखमी झाले. राहिले नायडू. संघातल्या काहींना सामान्य घरातल्या माणसाच्या हाताखाली खेळणे रुचले नव्हते, पण वरून तंबी आल्यावर ते खेळले. २५ जून १९३२ ला नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून लॉर्ड्सवर उतरले. वय ३६. आज या वयात खेळाडूच्या निवृत्तीची चर्चा सुरू असते.

क्षेत्ररक्षण करताना हाताला मार लागूनही पहिल्या डावात त्यांच्या ४० धावा भारताकडून सर्वाधिक होत्या. भारत १५८ धावांनी हरला. पण संपूर्ण दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणी सामन्यांत १६१८ धावा केल्या, ६५ बळी घेतले आणि ३२ षटकार मारले. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर त्यांनी मारलेला एक षटकार रिया नदीपलीकडे, म्हणजे शेजारच्या काउंटीत जाऊन पडला, ही गोष्ट इंग्लंडमध्येही सांगितली जाते. १९३३ च्या विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत स्थान दिले.

पुढच्या हंगामात मायदेशी इंग्लंडविरुद्धच्या तीन कसोटींतही ते कर्णधार होते. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र नेतृत्व गेले विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे 'विझीं'कडे. तो दौरा निवडीच्या राजकारणासाठीच लक्षात राहिला आहे. लाला अमरनाथांना अर्ध्यातून घरी धाडण्यात आले. नायडूंचा सर्वांसमक्ष अपमान केल्याचे बक्षीस म्हणून एका खेळाडूला कसोटीत घेतले गेले, अशी कथाही त्या दौऱ्याविषयी प्रसिद्ध आहे. ओव्हलवरच्या आपल्या अखेरच्या कसोटी डावात नायडूंनी ८१ धावा केल्या. त्यांची ती कसोटीतली सर्वोच्च खेळी. सात कसोटी, ३५० धावा, ९ बळी, बस्स.

हे आकडे पाहून आजची पिढी बुचकळ्यात पडते. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा आणि चारशेवर बळी घेणाऱ्या माणसाच्या नावावर एवढ्याच कसोटी का? उत्तर सोपे आहे. त्यांची ऐन उमेदीची वर्षे भारताला कसोटीच नव्हती.

नायडूंनी कोणाला हेरले?

इंदुरात त्यांच्या शेजारी राहणारा एक शाळकरी मुलगा डावखुरी फिरकी टाकत असे. नायडूंनी त्याला वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास हाताशी धरले, सरावाला नेले, बाहेरगावच्या स्पर्धांत खेळवले. जानेवारी १९३४ मध्ये कोलकात्यात तो कसोटी खेळला तेव्हा १९ वर्षांचा होता आणि कर्णधार होते नायडूच. तो होता मुश्ताक अली. गोलंदाज म्हणून घेतलेल्या या मुलाने अडीच वर्षांनी मँचेस्टरला सलामीला जाऊन ११२ धावा केल्या. परदेशातले ते भारताचे पहिले कसोटी शतक. आज देशांतर्गत टी-२० स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते आणि आयपीएलचे हेरणारे सर्वाधिक गर्दी करतात ती याच सय्यद मुश्ताक अली करंडकाला.

मुश्ताक यांची निवड कोणा समितीच्या बैठकीत झाली नव्हती. शेजारच्या अंगणात खेळणारा मुलगा रोज पाहणारा एक जाणता माणूस होता, इतकेच.

धाकटे बंधू सी. एस. नायडूही लेगस्पिनर म्हणून कसोटी खेळले. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांनी ९१७ चेंडू टाकले. एका प्रथम श्रेणी सामन्यात एवढी गोलंदाजी दुसऱ्या कोणी केलेली नाही. त्याच सामन्यात होळकर संघाकडून इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन खेळले, कारण युद्धाच्या निमित्ताने त्यांची नेमणूक जवळच महूला होती. चांगला खेळाडू दिसला की तो आपल्या संघात आणायचा, ही होळकरांची रीत. सरवटे आणि गायकवाड यांच्याशिवाय कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकरही या संघात आले. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा होळकर संघाने रणजी जिंकली. पन्नाशीच्या नायडूंनी बडोद्याविरुद्ध द्विशतक ठोकले ते याच काळात. पुढे दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून दात पडले, तरी त्यांनी खेळपट्टी सोडली नाही.

हीच कठोरता त्यांनी इतरांनाही लावली. उशिरा येणे, सरावात टंगळमंगळ, दुखण्याची तक्रार त्यांना खपत नसे. अनेक तरुण त्यांना घाबरून असत आणि सहकाऱ्यांपैकी काहींनी त्यांच्याविषयी कडवटपणाही बाळगला. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले, मंडळाचे उपाध्यक्ष झाले. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यानंतर, साठी ओलांडल्यावर, ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळायला उतरले आणि राजस्थानविरुद्ध ८४ धावा करून आले.

चिखल्याच्या मुलासाठी आज वाट वेगळी आहे का?

आहे, पण सोपी नाही. नायडूंच्या काळी राजाची मर्जी हा एकच दरवाजा होता. आता विदर्भ क्रिकेट संघटनेचे वयोगटांचे संघ आहेत. १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील कूचबिहार करंडक, मग नायडू करंडक अशी पायऱ्यांची रांग आहे. जिल्ह्यातल्या मुलाला तुमसर, भंडारा आणि मग नागपूर असा प्रवास करावा लागतो, तोही आठवड्यातून अनेकदा, आणि त्याचा खर्च घरच्यांना पेलावा लागतो.

ही वाट चालून गेलेल्याचे उदाहरण जवळच आहे. उमेश यादव नागपूरजवळच्या वलनी या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढला. वडील खाण कामगार. पोलीस भरतीत यश आले नाही. विशीपर्यंत तो टेनिस चेंडूनेच खेळत होता. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०१० मध्ये आयपीएल आणि भारताची एकदिवसीय टोपी, नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी. विदर्भाकडून खेळताना भारताच्या कसोटी संघात गेलेला तो पहिला खेळाडू. त्याला कोणत्याही वयोगटाच्या यादीने पकडले नव्हते. चेंडूचा वेग पाहून कोणीतरी थबकले आणि पुढचे जुळत गेले.

ड्राफ्टच्या क्रमवाऱ्यांचा हाच कच्चा दुवा आहे. त्या यादीत आलेल्या मुलांची तुलना नेमकी करतात, पण यादीबाहेरच्या मुलाबद्दल काहीच सांगत नाहीत. आणि खाणीच्या वसाहतीतला मुलगा बहुधा यादीबाहेरच असतो.

नायडूंचा शेवटचा सामना कुठे झाला?

नागपुरातच. १९६३-६४ च्या हंगामात संरक्षण निधीसाठी महाराष्ट्राचे राज्यपाल एकादश आणि मुख्यमंत्री एकादश यांच्यात प्रथम श्रेणी दर्जाचा सामना झाला. नायडू त्यात खेळले. वय ६८. पहिल्या सामन्यापासून ४७ वर्षे उलटली होती. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले. क्रिकेट मंडळाने १९९४ मध्ये त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पहिला मानकरी ठरले लाला अमरनाथ, १९३३ मध्ये मुंबई जिमखान्यावर पदार्पणातच शतक करताना ज्यांच्या समोरच्या टोकाला कर्णधार नायडू उभे होते.